वेंगुर्ल्याचं बंदर आणि त्याच्या वाटा



मार्च महिन्यात आमच्या ग्रामसंघाची बैठक होती. हप्ते झाले, वही झाली, मग काजू बीचा विषय निघाला. त्या आठवड्यात दर खाली आला होता. गटातल्या तिघींनी बी घेऊन ठेवली होती, गटाच्या कर्जातून. व्यापाऱ्याला विचारलं तर तो म्हणाला, "मंगळूरला बोट लागली आहे, बाहेरची बी आली आहे, मी काय करू?" त्यावर आमच्यातली एक बाई वैतागून म्हणाली, "आमच्या बियेचो दर मंगळुरात ठरता, मगे आमी हय बसान काय करतलंव?"

सगळ्या हसल्या, पण मला रात्री झोप लागली नाही. मी बी.ए.ला इतिहास घेतला होता. आपल्या जिल्ह्यात विजयदुर्ग आहे, देवगड आहे, मालवण आहे, वेंगुर्ला आहे, रेडी आहे. एवढी बंदरं उशाशी घेऊन आपण झोपतो आणि आपल्या बीचा दर मात्र दुसऱ्याच बंदरात ठरतो. हे कधीपासून? नेहमीच असं होतं का? म्हणून आज मी तुम्हांला एका बंदराची गोष्ट सांगणार आहे, वेंगुर्ल्याची. मालवणच्या मैत्रिणींनी रागावू नये. सिंधुदुर्ग किल्ल्यावर आपण पुष्कळदा बोललो आहोत. वेंगुर्ल्यावर कमी बोललं जातं.

आज वेंगुर्ल्याच्या बंदरावर गेलात तर काय दिसतं? मच्छीमारांच्या होड्या, वाळत घातलेली जाळी, संध्याकाळी फिरायला आलेली माणसं. समोर समुद्रात, लांबवर, खडकांची एक रांग आहे. तिला कुणी वेंगुर्ला रॉक्स म्हणतात, कुणी निवती रॉक. तिथं दीपगृह आहे. आणि गावात एक मोठी जुनी इमारत आहे, जाड भिंतींची, आता पडझड झालेली. ती डच वखार. सरकारनं ती संरक्षित स्मारक म्हणून जाहीर केली आहे. आपण बाजारहाटाला जाताना तिच्या बाजूनं जातो आणि मान वळवून बघतही नाही. मीही बघत नव्हते.

डच म्हणजे आजच्या नेदरलँड्स देशाचे लोक. युरोपच्या उत्तरेकडचा तो छोटासा देश, निम्मा समुद्रसपाटीच्या आसपासच. १६०२ मध्ये तिथल्या व्यापाऱ्यांनी एक मोठी कंपनी काढली. मसाल्यांचा व्यापार हा तिचा धंदा. आज ज्या शहराला जकार्ता म्हणतात त्याला तेव्हा बटाव्हिया म्हणत. ते या कंपनीचं पूर्वेकडचं मुख्य ठाणं. तिथून जहाजं निघायची ती श्रीलंकेला वळसा घालून आपल्या किनाऱ्याला यायची, इथून सुरतेला, इराणकडे, तांबड्या समुद्राकडे जायची.

या वाटेत त्यांना एक मोठी अडचण होती, ती म्हणजे गोवा. गोवा १५१० पासून पोर्तुगीजांकडे होतं. डच आणि पोर्तुगीज यांचं हाडवैर. १६३६ पासून पुढची सात-आठ वर्षं डचांनी गोव्याच्या तोंडाशी जहाजं उभी करून नाकेबंदी केली. पण जहाज समुद्रात उभं करायचं म्हणजे त्यावरच्या माणसांना खायला-प्यायला हवं. शेकडो माणसं, महिनोन् महिने. गोडं पाणी हवं, तांदूळ हवा, लाकूडफाटा हवा, ताजी भाजी आणि मांस हवं. ते कुठून आणायचं? गोव्याच्या उत्तरेला, अगदी हाताशी, विजापूरच्या आदिलशहाच्या राज्यातलं वेंगुर्ला होतं. १६३७-३८ च्या सुमारास डचांनी इथं आपलं ठाणं मांडलं.

मैत्रिणींनो, इथं जरा थांबा. आपल्याला शाळेत शिकवतात की परदेशी लोक मसाले न्यायला आले. ते खरंच आहे. पण वेंगुर्ल्याला ते आले ते आधी पाण्यासाठी आणि तांदळासाठी. म्हणजे आपल्या विहिरी आणि आपली भातं यांच्या जोरावर इथलं बंदर जगाच्या नकाशावर गेलं. तो तांदूळ कुणी कांडला असेल? कागदपत्रांत कांडणाऱ्या बायांची नावं नसतात. पण त्या काळी भात कांडायचं काम कुणाच्या वाट्याचं होतं, हे तुम्हांला मी सांगायला नको.

१६४८ च्या सुमारास ताव्हेर्निए नावाचा एक फ्रेंच जवाहिऱ्या वेंगुर्ल्याला आला होता. हिंदुस्थानात तो कितीतरी वेळा फिरला आणि त्यानं आपला प्रवास लिहून ठेवला. जहाजं उभी करायला ही जागा फार चांगली आहे, डच लोक इथून पाणी आणि अन्नसामग्री घेतात, असं त्यानं नोंदवलं आहे. इथल्या वेलचीचं त्यानं कौतुक केलं आहे. आणि आणखी एक गोष्ट त्याच्या नजरेत भरली, ती म्हणजे माल बांधायला लागणाऱ्या जाडसर चटया. या चटया इथं पुष्कळ होत. म्हणजे बघा, त्या काळीही पॅकिंग हा धंदाच होता. आज आपण आगळाच्या बाटल्यांना पुठ्ठा कुठला वापरायचा यावर बैठकीत तासभर बोलतो, तेच काम साडेतीनशे वर्षांपूर्वी इथं चटयांनी होत होतं.

हे ठाणं शांत नव्हतं. ज्या बंदरातून माल जातो त्यावर सगळ्यांचा डोळा असतो. १६६४ मध्ये शिवाजी महाराज या भागात उतरले. त्याच वर्षी २५ नोव्हेंबरला मालवणच्या कुरटे बेटावर सिंधुदुर्गाचं काम सुरू झालं. समुद्रावर सत्ता नसेल तर किनारा आपला नाही, हे महाराजांनी ओळखलं होतं. पुढं १६७५ मध्ये मोगलांच्या सैन्यानं वेंगुर्ला जाळलं. आदिलशाही, मराठे, मोगल, सावंतवाडीकर, पोर्तुगीज, सगळ्यांची झटापट या पट्ट्यात चालली होती. सतराव्या शतकाच्या अखेरीस डचांचं इथलं काम आटपलं. वखार तेवढी मागं राहिली.

मग आले इंग्रज. १८१२ मध्ये सावंतवाडीच्या राणीकडून, दुर्गाबाईंकडून, वेंगुर्ला इंग्रजांकडे गेलं. त्याच वर्षी कोल्हापूरकरांकडून मालवण आणि सिंधुदुर्ग किल्लाही त्यांनी घेतला. किनाऱ्यावर चाचे फार झाले आहेत, त्यांचा बंदोबस्त करायचा आहे, हे त्यांचं कारण. पण आपल्या विषयाला महत्त्वाचं आहे ते पुढचंच.

इंग्रजांची मोठी छावणी बेळगावला होती. सैन्य मुंबईहून बेळगावला कसं न्यायचं? तेव्हा रेल्वे नव्हती. पुण्यावरून पायी जायचं तर फार दिवस. म्हणून सैन्य आणि सामान बोटीनं वेंगुर्ल्याला उतरवायचं आणि तिथून घाट चढून बेळगाव गाठायचं. आधी रामघाटाची वाट होती, ती फार चढणीची. बैलगाड्यांना जड. मग एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात पारपोलीच्या बाजूनं, आंबोलीवरून, नवा गाडीरस्ता झाला. तोच आपला आंबोली घाट. वेंगुर्ला, सावंतवाडी, आंबोली, बेळगाव, असा साधारण सव्वाशे किलोमीटरचा हा रस्ता. आपण आज आंबोलीला धबधबा बघायला जातो. तो रस्ता मुळात झाला बंदरासाठी.

हा रस्ता झाला आणि वेंगुर्ला भरभराटीला आलं. घाटावरचा माल बैलगाड्यांनी खाली यायचा, बोटीत चढायचा, मुंबईला जायचा. मुंबईचं कापड, लोखंड, रॉकेल, साखर उलट वाटेनं घाटावर जायचं. गाड्यांच्या रांगा, मुक्कामाची ठिकाणं, चारा विकणारे, खानावळी. गाडी थांबते तिथं कुणीतरी चूल पेटवतंच. बंदर एका गावात असतं, पण त्यावर सगळी वाट जेवते.

आणि मग एके दिवशी वाट बदलली.

गोव्यात मुरगाव नावाचं बंदर आहे. ते खोल पाण्याचं. तिथं मोठी जहाजं थेट धक्क्याला लागू शकतात. वेंगुर्ल्याला तसं नव्हतं, बोट बाहेर समुद्रात उभी राहायची आणि माल लहान होड्यांतून आत यायचा. इंग्रज आणि पोर्तुगीज सरकारांनी आपसांत करार केला आणि मुरगावपासून घाट चढून जाणारी रेल्वे बांधली. १८८८ मध्ये ती वर कॅसलरॉकपर्यंत पोचली आणि पलीकडच्या रेल्वेला जोडली गेली. बेळगावचा, हुबळी-धारवाडचा माल आता लोंढ्यावरून आगगाडीनं सरळ मुरगावला उतरू लागला. बैलगाडीला आठवडा लागायचा तिथं आगगाडीला एक दिवस पुरे.

वेंगुर्ल्याचं पाणी तेच राहिलं. खडक तेच, वारा तोच, खलाशी तेच, कष्टाळू माणसं तीच. कुणाचीही चूक नव्हती. मागची वाट दुसरीकडे वळली एवढंच झालं, आणि बंदराचा जोर ओसरला. मला हे वाचताना आमच्या बैठकीतली ती बाई आठवली. बी तीच, मेहनत तीच, दर मात्र दुसरीकडे.

व्यापार कमी झाला तरी बंदर लगेच मेलं नाही. आता त्यावरून माल कमी आणि माणसं जास्त जाऊ लागली. ही आपल्या आज्यांची गोष्ट.

कोकणातला माणूस मुंबईला गेला तो बोटीनं. गिरणीत, गोदीत, घरकामाला, छापखान्यात. भाऊच्या धक्क्यावरून बोट सुटायची आणि रत्नागिरी, विजयदुर्ग, देवगड, मालवण, वेंगुर्ला करत पणजीकडे जायची. 'रोहिणी', 'चंपावती', नंतर 'कोकणसेवक', 'कोकणशक्ती', ही नावं आजही साठीच्या पुढच्या माणसांच्या तोंडी आहेत. पावसाळ्यात समुद्र खवळला की बोटी बंद. मग चार महिने मुंबईचा माणूस मुंबईत आणि घरची माणसं घरात.

आमच्या वाडीत एक आजी आहेत, नव्वदीच्या आसपासच्या. मी त्यांच्याकडे जाऊन बसले. त्या म्हणाल्या, "भोंगो वाजलो काय आमी सगळी दर्यार धावत जांव." बोट लांब उभी राहायची. तिच्याकडे पडाव जायचे. पडाव म्हणजे मोठ्या होड्या. लाटेनं पडाव वर आला की खलाशी माणसाचा हात धरून त्याला खेचून घ्यायचा. बाई असो, म्हातारा असो, कडेवरचं मूल असो. वर यायला एक क्षण चुकला तर पाय पाण्यात. आजी सांगत होत्या, लग्नानंतर पहिल्यांदा त्या मुंबईला गेल्या तेव्हा डोळे मिटूनच चढल्या आणि रात्रभर त्यांना बोट लागली. आजही आपल्याला एसटीत मळमळलं की आपण गाडी लागली म्हणतो ना, तो शब्द या बोटींवरूनच आमच्या घरात आला असावा असं मला आपलं वाटतं.

मी विचारलं, "आजी, बोटीनं काय यायचं?" त्या म्हणाल्या, माणूस यायचा, नाहीतर ट्रंक यायची, नाहीतर चिठ्ठी यायची. आणि महिन्याची मनीऑर्डर. मनीऑर्डर पोस्टातून यायची, पण बंदरावर उतरलेला माणूस सांगायचा की "तुझो घोव बरो आसा." त्या एका वाक्यासाठी बायका तास न् तास उभ्या राहायच्या. कुणाचा माणूस उतरायचाच नाही. ती बाई टोपली उचलून गप घरी जायची.

इतिहासाच्या पुस्तकात बंदराचा हिशोब टनांत असतो. या उभं राहण्याचा हिशोब कुठंच नाही. पुरुष मुंबईला, म्हणून शेत बाईनं केलं, सासू-सासरे बाईनं बघितले, मुलं बाईनं वाढवली, सावकाराला तोंड बाईनं दिलं. कोकण मनीऑर्डरवर जगलं असं म्हणतात. मनीऑर्डर आली तरी भात आपोआप लावलं जात नव्हतं.

या आगबोटींची आणखी एक गोष्ट गटातल्या बायांनी मुद्दाम ऐकावी. बोटींचा धंदा मोठ्या, बहुतेक इंग्रजांच्या, कंपन्यांच्या हातात होता. भाडं ते ठरवतील तेवढं आणि वागणूक ते देतील तशी. तेव्हा विसाव्या शतकाच्या सुरुवातीला, स्वदेशीच्या वाऱ्यात, आपल्या लोकांनी सहकारी तत्त्वावर एक आगबोट कंपनी काढली. लहान लहान माणसांनी भाग घेतले. लोक तिला प्रेमानं 'माझी आगबोट कंपनी' म्हणत आणि बोटींना संतांची नावं दिली गेली. 'माझी' हा शब्द बघा. गिरणीतला माणूस, किनाऱ्यावरचा दुकानदार, त्यांना वाटत होतं की ही बोट आपली आहे. पुढं हा धंदा पुन्हा मोठ्यांच्याच हाती गेला. मोठ्या भांडवलापुढं टिकणं सोपं नव्हतं. पण शंभर वर्षांपूर्वी आपल्या माणसांना कळलं होतं की वाट दुसऱ्याच्या हातात असेल तर भाडंही तोच ठरवणार. आपल्या बचत गटांच्या आधीचा हा बचत गटच म्हणा.

समुद्राची वाट जीवही घ्यायची. १७ जुलै १९४७ ला 'रामदास' बोट भाऊच्या धक्क्यावरून रेवसला निघाली होती. ऐन पावसाळा. वाटेत ती बुडाली आणि सहाशेच्या वर माणसं गेली. ती बोट आपल्या बाजूला येणारी नव्हती, तरी आमच्या आजींना ती बातमी आठवते. त्या दिवसांत घराघरात बायका देवाला गाऱ्हाणं घालत होत्या, असं त्या सांगतात.

स्वातंत्र्यानंतर रस्ते वाढले. एसटी आली. मुंबई-गोवा महामार्ग झाला. बोटीनं एक दिवस घालवण्यापेक्षा रात्री एसटीत बसलं की सकाळी गावात, हे लोकांना बरं वाटू लागलं. बोटीचे उतारू कमी झाले आणि १९८० च्या दशकाच्या अखेरीस ती सेवा थांबली. मी त्याच सुमारास जन्मले. माझे बाबा 'कोकणशक्ती'नं येत. मी ती बोट कधी पाहिली नाही.

आता रेल्वेकडे येऊ. कोकणात रेल्वे हवी ही मागणी किती जुनी! ती दिल्लीत लावून धरणाऱ्यांत एक मोठं नाव होतं बॅरिस्टर नाथ पै यांचं. १९२२ मध्ये ते वेंगुर्ल्यात जन्मले, शिकले बेळगावात, १९५७ पासून राजापूर मतदारसंघाचे खासदार होते आणि १९७१ मध्ये बेळगावलाच गेले. वेंगुर्ला ते बेळगाव, तीच जुनी बंदराची वाट त्यांच्या आयुष्यातही आहे. त्यांच्यानंतर मधु दंडवते यांनी हा प्रश्न लावून धरला. १९९० मध्ये कोकण रेल्वे महामंडळ झालं, जॉर्ज फर्नांडिस तेव्हा रेल्वेमंत्री होते आणि ई. श्रीधरन यांनी ते काम तडीस नेलं. रोह्यापासून मंगळूरजवळच्या ठोकूरपर्यंत ७४१ किलोमीटरचा मार्ग, आणि २६ जानेवारी १९९८ ला तो सगळा खुला झाला.

पण नकाशा बघा. आपल्या जिल्ह्यातली स्टेशनं कोणती? वैभववाडी, नांदगाव, कणकवली, सिंधुदुर्ग, कुडाळ, झाराप, सावंतवाडी, मडुरे. यात देवगड नाही, मालवण नाही, वेंगुर्ला नाही. रेल्वे आतून गेली. जी गावं शेकडो वर्षं जिल्ह्याची दारं होती ती आता जिल्ह्याच्या परसात गेली. वेंगुर्ल्याच्या बाईला मुंबईची गाडी पकडायची तर आधी कुडाळला नाहीतर सावंतवाडीला जायला हवं. १८८८ मध्ये रेल्वे गोव्यातून गेली, १९९८ मध्ये रेल्वे आपल्या जिल्ह्यातून गेली, पण दोन्ही वेळा बंदराला टाळून गेली.

रेल्वेनं आपलं भलं झालं नाही असं मी म्हणत नाही. माझ्या भावाला मुंबईहून येणं सोपं झालं. आजारी माणसाला गोव्याला किंवा मुंबईला नेता येतं. ९ ऑक्टोबर २०२१ ला परुळे-चिपीला विमानतळही सुरू झाला. रेवस ते रेडी असा सागरी महामार्गही आहे, त्यातले काही पूल अजून व्हायचे आहेत. वाटा वाढल्या. पण प्रत्येक वाटेला विचारायला हवं की ती कुणाला दारात आणते आणि कुणाला परसात ढकलते.

आता परत काजूकडे. काजू आपला वाटतो ना? वेंगुर्ला काजूला भौगोलिक मानांकन आहे. वेंगुर्ल्याच्या फळ संशोधन केंद्रानं १९५७ पासून काम करून वेंगुर्ला-४, वेंगुर्ला-७ अशा जाती दिल्या, त्या आपल्या बागांत आहेत. पण हे झाड मूळचं दक्षिण अमेरिकेतल्या ब्राझीलचं. सोळाव्या शतकात पोर्तुगीजांच्या जहाजातून ते गोव्याला उतरलं आणि तिथून आपल्या डोंगरांवर चढलं. काजू हा शब्दसुद्धा तिकडचाच. मिरची, अननस, पपई, सगळं त्याच वाटेनं आलं. आपण रोज बोलतो ते चावी, पाव, घमेलं हे शब्दही पोर्तुगीज जहाजांतूनच उतरले. मालवणी कालवणातून मिरची काढली तर उरेल काय?

म्हणजे काजू समुद्रातून आला. आणि आज चारशे वर्षांनी समुद्रातूनच त्याची भावकी येते आहे. आफ्रिकेतल्या टांझानिया, आयव्हरी कोस्ट, बेनिन या देशांत काजू फार पिकतो. तिथली कच्ची बी जहाजांनी मंगळूर, तुतिकोरीन अशा बंदरांत येते. टांझानियाचा हंगाम आपल्या आधी संपतो. त्यामुळं आपल्याकडे मार्चमध्ये बी पडू लागते तेव्हा कारखान्यांची गोदामं आधीच भरलेली असू शकतात. पश्चिम आफ्रिकेची बी तर आपल्याच हंगामात निघते. कारखानदाराला माल दोन वाटांनी मिळतो. आपल्याला विकायला मात्र एकच वाट असते, दारात येणारा व्यापारी. दर का पडतो, याचं अर्धं उत्तर इथं आहे.

त्या आफ्रिकेतल्या बायांवर रागावू नका. त्याही आपल्यासारख्याच, उन्हात बी वेचतात आणि त्यांचाही दर दुसराच कुणी ठरवतो.

आपल्या हातात काय आहे? मी मोठ्या बाता मारणार नाही. आमचाच अनुभव सांगते. आमच्या गटानं पहिल्यांदा कोकम आगळाच्या बाटल्या मुंबईला पाठवल्या तेव्हा एकाच वाहतूकदारावर सगळं सोपवलं. चोवीसपैकी सात बाटल्या फुटून पोचल्या आणि उरलेल्यांची लेबलं भिजली. भरपाई मिळाली नाही. सातजणींनी आपापल्या बचतीतून तो खड्डा भरला. एकीनं मुलाच्या वह्यांचे पैसे दिले, ते मी विसरणार नाही. त्या दिवशी आम्ही मालाकडे बघत होतो, वाटेकडे कुणीच बघितलं नव्हतं. पुढच्या वेळी प्लास्टिकच्या कॅनमधून आगळ पाठवलं, निम्मं रेल्वेनं आणि निम्मं शिमग्याला आलेल्या चाकरमान्यांबरोबर. एकही थेंब सांडला नाही.

त्यानंतर आम्ही बैठकीत एक रीत पाडली. कुठलाही माल करायचा ठरला की वहीत तीन गोष्टी लिहायच्या. पहिली, हा माल कुठल्या वाटेनं जाणार आणि त्या वाटेवर किती हात आहेत. दुसरी, प्रत्येक हात किती पैसे काढून घेतो. आणि तिसरी, ही वाट बंद पडली तर दुसरी कुठली. काजू बीच्या बाबतीत आम्ही हे लिहिलं तेव्हा तिसऱ्या ओळीत काहीच लिहिता येईना. म्हणून यंदा आम्ही सगळी बी एकदम विकायची नाही असं ठरवलं आहे. थोडी नीट वाळवून ठेवायची, थोडीचे ओले गर काढून बाजारात न्यायचे, थोडी फोडून गर विकायचे. फोडताना हात भाजतात, तेल लागून बोटं काळी पडतात, हे मला माहीत आहे. हातमोजे आणि राख, दोन्ही जवळ ठेवायचं. नफा किती होईल ते हंगाम संपल्यावर याच कार्यक्रमात खरं खरं सांगीन. तोटा झाला तरी सांगीन.

एक काम तुम्हांलाही देते. तुमच्या वाडीत बोटीनं गेलेली-आलेली जी म्हातारी माणसं असतील, त्यांच्याजवळ एकदा बसा. पडावात कसे चढायचे, कुणाची वाट बघायचे, काय घेऊन यायचे, ते विचारा आणि गटाच्या वहीच्या मागच्या पानांवर लिहून ठेवा. तारीख घाला, गावाचं नाव घाला. आणि वेंगुर्ल्याला बाजाराला गेलात तर पाच मिनिटं त्या डच वखारीसमोर उभ्या राहा. त्या भिंतींच्या आत आपल्याच विहिरींचं पाणी आणि आपल्याच शेतांतला तांदूळ मोजला गेला होता. मोजणारे दूरदेशीचे होते. आपण मोजायला शिकलो नव्हतो.

आता शिकतो आहोत. बैठकीत ज्या बाईनं तो प्रश्न विचारला होता, तिच्याकडेच आम्ही यंदा काजूच्या वहीचं काम दिलं आहे.